माळरानावरची झाडे कशी मोजतात?

चोर्ला घाट चढून कणकुंबी गाठली की मलप्रभेचा उगम लागतो. भोवती सदाहरित रान असते. तेथून पूर्वेकडे, खानापूर-नंदगड परिसर मागे टाकून सौंदत्ती, गोकाक, अथणीच्या दिशेने जावे तसा पाऊस झपाट्याने उणावतो. आधी पानझडी झाडी लागते आणि पुढे कुसळीच्या गवतात विखुरलेली बाभूळ, हिवर, बोर, खैर एवढीच उरतात. सलग गवत आणि विरळ झाडे अशा भूप्रदेशाला शास्त्रज्ञ सॅव्हाना म्हणतात. आपला शब्द माळरान.

देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या (स्थापना १९८१) व्याख्येनुसार किमान एक हेक्टर जमिनीपैकी १० टक्के भागावर झाडांचे छत्र असेल, तर ते वनाच्छादन. १० ते ४० टक्के विरळ, ४० ते ७० मध्यम दाट, त्यापुढे अतिदाट. जमिनीची मालकी वा वापर येथे पाहिला जात नाही; आमराई आणि निलगिरीची लागवडही याच हिशेबात धरली जाते.

प्रत्यक्ष मोजणी साधी, पण कष्टाची. ठरावीक आकाराचा तुकडा आखायचा, झाडाचा घेर छातीच्या उंचीवर (१.३७ मीटर) घ्यायचा आणि छत्राचा व्यास काटकोनातील दोन दिशांनी टेपने मोजायचा. सरासरी व्यास आठ मीटर असेल तर छत्र सुमारे ५० चौरस मीटर होते. हेक्टरात अशी २० झाडे असली की १० टक्क्यांची रेषा गाठली जाते. दोन-तीन झाडे कमी भरली की तीच जमीन त्या रेषेखाली जाते.

उपग्रहाची अडचण निराळी. सर्वेक्षणाने दीर्घकाळ वापरलेल्या ‘लिस-३’ संवेदकाच्या चित्रातील एक ठिपका २३.५ मीटर बाजूचा, म्हणजे सुमारे ५५० चौरस मीटरचा असतो. नंदगडच्या संगोळ्ळी रायण्णा समाधीजवळच्या वडासारखा वृक्ष त्यात लपत नाही. पंचाईत होते ती माळावरच्या एकट्या बाभळीची. तिचे छत्र ठिपक्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, म्हणून ती गवत-मातीच्या रंगात विरून जाते. ‘सेंटिनेल-२’चा ठिपका दहा मीटरचा असल्याने चित्र पुष्कळ सुधारते.

ऋतूही फसवतो. पावसाळ्यात ढग असतात आणि गवत झाडांइतकेच हिरवे. उन्हाळ्यात पळस, धावडा निष्पर्ण. म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबरमधील चित्रे निवडतात. तेव्हा गवत पिवळे पडू लागलेले असते, झाडांवर पाने असतात. मात्र त्याच वेळी ऊस हिरवागार उभा असतो, हे आपल्या सीमाभागात कुणाला वेगळे सांगायला नको! त्यामुळे जागेवर जाऊन पडताळणी केल्याविना नकाशा विश्वासार्ह ठरत नाही.

पद्धत बदलली की आकडा किती बदलतो, हे २०१७ साली ‘सायन्स’मधील अभ्यासाने दाखवले. अर्ध्या हेक्टराचे दोन लाखांहून अधिक तुकडे सूक्ष्म चित्रांत डोळ्यांनी तपासल्यावर जगातील शुष्क प्रदेशांतील वनक्षेत्र आधीच्या अंदाजांपेक्षा ४० ते ४७ टक्के अधिक भरले. झाडे वाढली नव्हती, मोजपट्टी बदलली होती. २०२० मध्ये ‘नेचर’मधील संशोधकांनी संगणकाला एकेक छत्र ओळखायला शिकवून पश्चिम आफ्रिकेच्या १३ लाख चौरस किलोमीटरमध्ये १८० कोटींहून अधिक झाडे मोजली.

आपल्याकडे या आकड्यांचा थेट संबंध जमिनीच्या भवितव्याशी आहे. झाडे कमी दिसली की माळ ‘पडीक’ ठरतो आणि तेथे वृक्षलागवडीचे खड्डे पडतात. लागवड जगली तर टक्केवारी वाढते; धनगरांची चराई, लांडगा, तणमोर आणि माळढोक यांची जागा मात्र जाते, आणि ती घट वृक्षाच्छादनाच्या कोणत्याही रकान्यात उमटत नाही.