फौजीच्या घरासाठी दाद मागायची कुठं?

आपल्या गटात एखादी फौजीची बायको असतेच. तिची पेन्शन अडली, तर दाद मागायची कुठं? त्यासाठी थोडं मागं जाऊ.

पहिल्या महायुद्धात साताऱ्याकडची कितीतरी पोरं लढली. युद्धानंतर १९१९ साली सरकारनं सैनिकांसाठी मंडळ काढलं. तेच पुढं केंद्रीय सैनिक बोर्ड झालं. स्वतंत्र खातं मात्र २००४ साली आलं. ते म्हणजे संरक्षण मंत्रालयातला माजी सैनिक कल्याण विभाग. त्यासाठी संसदेनं वेगळा कायदा केला नाही. सरकारी कामकाज वाटपाच्या नियमांतूनच तो उभा राहिला. तरी त्याच्यावर लक्ष आहे. महालेखापरीक्षक खर्च तपासतात, संसदेची संरक्षण समिती जाब विचारते.

पुढं २००७ साली सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा कायदा झाला. पेन्शनसाठी सैनिकाच्या विधवेलाही तिथं जाता येतं. मुंबईतही त्याचं खंडपीठ आहे.

पण पहिली पायरी आपल्या जिल्ह्यातच आहे: जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. पुढच्या बैठकीत गटाच्या वहीबरोबर तिची पेन्शनची कागदपत्रंही उघडू. आणि अर्ज द्यायला तिला एकटीला पाठवायचं नाही, आपण सोबत जाऊ.