सूक्ष्मजीवाश्म व पुराजलवायुमान
सूक्ष्मजीवाश्म व पुराजलवायुमान : सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्यानेच ज्यांचा अभ्यास करता येतो अशा जीवाश्मांना सूक्ष्मजीवाश्म म्हणतात. फोरॅमिनीफेरा, रेडिओलॅरिया, ऑस्ट्रॅकॉड व डायाटम (करंडक वनस्पती) यांची कवचे, तसेच परागकण हे त्यांचे प्रमुख प्रकार होत. ते गाळात विपुल आढळत असल्याने थोड्या नमुन्यावरूनही प्राचीन परिस्थितीचे अनुमान करता येते. फोरॅमिनीफेरांवरून हिमकालांचा जो इतिहास उलगडला, तो या पद्धतीचे सामर्थ्य व मर्यादा दोन्ही दाखवितो.

आरंभी जातींच्या वाटणीवर भर होता. जर्मनीच्या ‘मीटिअर’ जहाजाने १९२५–२७ मध्ये अटलांटिकच्या तळातून गाळाचे दंडगोलाकार नमुने (गाभे) काढले. व्होल्फगांग शॉट यांनी १९३५ मध्ये दाखविले की, ग्लोबोरोटॅलिया मेनार्डी ही उष्ण पाण्यातील जाती वरच्या थरात आढळते, पण त्याखालील थरात आढळत नाही. हा खालचा थर गेल्या हिमकालातील होय.

हॅरल्ड यूरी यांनी १९४७ मध्ये निराळा मार्ग सुचविला. पाणी जितके थंड, तितके त्यात बनणाऱ्या कॅल्शियम कार्बोनेटात ऑक्सिजन-१८ या जड समस्थानिकाचे प्रमाण अधिक असते. या तत्त्वावर चेझारे एमिलियानी यांनी १९५५ मध्ये गाभ्यांतील कवचांचे मापन करून उष्ण व थंड काळांची क्रमवार मालिका मांडली आणि मिळालेले बदल मुख्यतः तापमानाचे मानले.

तथापि यात एक अडचण होती. हलक्या समस्थानिकाचे पाणी अधिक सहजतेने बाष्परूप होते व हिमकालात ते जमिनीवरील बर्फात साठून राहते. त्यामुळे समुद्राच्या पाण्यातच जड समस्थानिकाचे प्रमाण वाढते. म्हणजे थंडी व बर्फ या दोहोंची खूण एकच. निकोलस शॅकलटन यांनी १९६७ मध्ये पृष्ठभागाजवळ तरंगणाऱ्या व तळावर राहणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या फोरॅमिनीफेरांची तुलना केली. दोहोंतील बदल जवळजवळ सारखे होते. तळाचे पाणी मुळातच गोठणबिंदूजवळ असल्याने ते फारसे थंड होणे शक्य नव्हते. म्हणून हे बदल प्रामुख्याने बर्फाच्या साठ्याचे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढील मापनांवरून खोल पाणीही काही अंशी थंड झाले होते असे दिसून आले. तरी एकाच खुणेला दोन कारणे असतात, हा धडा कायम राहिला.

अर्थ बदलला, पण मालिकेचे मोल वाढले. जेम्स हेस, जॉन इंब्री व शॅकलटन यांनी १९७६ मध्ये दक्षिण हिंदी महासागरातील दोन गाभ्यांवरून सु. ४.५ लाख वर्षांचा आलेख तपासला. त्यात सु. २३,०००, ४२,००० व १ लाख वर्षांची आवर्तने आढळली. ती पृथ्वीच्या अक्षाचे परांचन, त्याचा कल व कक्षेचा आकार यांतील बदलांशी जुळतात. त्यामुळे मिलूटिन मिलँकोव्हिच यांच्या सिद्धांतास भक्कम आधार मिळाला.

१९९० नंतरच्या दशकात कवचातील मॅग्नेशियम व कॅल्शियम यांच्या गुणोत्तरावरून तापमान स्वतंत्रपणे काढण्याची पद्धत रूढ झाली व त्याच कवचातील बर्फाचा वाटा वेगळा करणे शक्य झाले. अरबी समुद्राच्या पश्चिम भागात नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे खालचे थंड पाणी वर येते व तेथे ग्लोबिजेरिना बुलॉयडीस ही जाती वाढते. गाळातील तिच्या प्रमाणावरून पूर्वीच्या मोसमी वाऱ्यांचा जोर अजमावतात. मात्र तिची संख्या वाऱ्याच्या जोराची निदर्शक आहे, भारतातील पावसाचे ते थेट माप नव्हे. कवच नेमके कशाची नोंद ठेवते, हे आधी ठरविल्याशिवाय त्यावरून जलवायुमान सांगता येत नाही.