आसा रागातला शिंपी

नांदेडला आमच्या आबांचं शिवणकामाचं दुकान होतं. गळ्यात तुळशीची माळ, घरात पंढरीची वारी, एकादशीला भजन. आणि हेच आबा पहाटे डोक्याला रुमाल बांधून सचखंड गुरुद्वारात जाऊन बसायचे, पुष्कळदा मला बोटाला धरून. आत 'आसा दी वार' हे पहाटेचं कीर्तन चाललेलं असे. शेजारीपाजारी कुणी विचारलं की आबांचं उत्तर ठरलेलं : "आपले नामदेव महाराज तिथं आहेत, मग मी का नसावं?"

हे नुसतं भाविकाचं बोलणं नव्हतं. गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची 61 पदं आहेत, 18 रागांत विखुरलेली. ग्रंथाची मांडणीच रागवार आहे, एकंदर 31 राग. प्रत्येक रागात आधी गुरूंची बाणी, म्हणजे पदं, आणि शेवटी भक्तांची. म्हणून नामदेवांना शोधायचं तर एकेका रागाच्या अखेरीस जावं लागतं. आसा रागात त्यांचं एक पद आहे, गज आणि कातरीच्या रूपकाचं. आबांचा त्या पदावर फार जीव. स्वतः शिंपी असलेल्या माणसाला ते कसं लागत असेल, हे त्यांच्या तोंडाकडे पाहूनच कळायचं. मांडीवर बोटांनी ताल चालू, आणि कातरीचा उल्लेख आला की बोटं थांबत.

गुरू गोविंदसिंग 1708 साली नांदेडात ज्योतिज्योत समावले. आजची गुरुद्वाराची वास्तू महाराजा रणजितसिंगांनी 1832 ते 1837 या काळात बांधवून घेतली. मुलूख तेव्हा निजामाचा होता. पण मला सांगायचं आहे ते वास्तूबद्दल नाही, तिथल्या गाण्याबद्दल.

गुरुद्वारात कीर्तन गाणारे एक वयस्क रागी आबांकडे चोला शिवायला टाकायचे. आबा त्यांना 'ग्यानीजी' म्हणत. माप देता देता त्यांच्या दखनी हिंदीत गोष्टी सुरू होत आणि मी बटणांच्या डब्याशी बसून ऐकत असे. भाई मरदानांचं नाव मी पहिल्यांदा तिथं ऐकलं. गुरू नानकांचे तलवंडीचे सोबती, जातीने मिरासी, धर्माने मुसलमान. नानकांनी पद गायचं आणि मरदानांनी रबाब धरायचा, अशी ही परंपरा दोघांच्या प्रवासात सुरू झाली. त्यांच्या मागून आलेले मुसलमान रबाबी पिढ्यान् पिढ्या गुरूंच्या दरबारात गायले. पाचवे गुरू अर्जुनदेव यांच्या काळात सत्ता आणि बलवंड हे दोन रबाबी रुसून बसले, तेव्हा गुरूंनी शिखांना स्वतः कीर्तन करायला सांगितलं, अशी कथा आहे. तिथून गाणं सगळ्या संगतीचं झालं. याच गुरूंनी 1604 मध्ये आदिग्रंथ सिद्ध करून हरिमंदिरात ठेवला. पण रबाबी गेले नाहीत. ते 1947 पर्यंत गात होते. फाळणीत अमृतसरचे भाई लाल यांच्यासारखे मोठे रबाबी लाहोरकडे गेले. जी बाणी त्यांच्या घराण्यात शतकानुशतकं होती, ती ऐकणारी संगत अलीकडे राहिली. फाळणीच्या हानीचा हिशोब मांडताना ही हानी आपण धरतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

तंतुवाद्यं त्याआधीच मागे पडू लागली होती. रबाब, सरंदा, ताऊस, दिलरुबा यांची जागा पेटीने घेतली. पेटी शिकायला सोपी, न्यायला सोपी, आणि आवाजाला भक्कम आधार देणारी. मी लहानपणी ऐकलेलं कीर्तन दोन पेट्या आणि तबल्याचंच. पण ग्रंथातल्या रागांना लागणारी मींड पेटीवर येत नाही. 2022 मध्ये अकाल तख्ताकडून, दरबार साहिबातून, म्हणजे हरिमंदिरातून, तीन वर्षांत पेटी हटवून तंतुवाद्यं आणावीत, असं सांगण्यात आलं. मला ते योग्यच वाटलं. जुन्या चाली हातात होत्या म्हणून तरी हे शक्य. भाई अवतारसिंग आणि भाई गुरचरनसिंग या बंधूंनी घराण्यातल्या सुमारे पाचशे रचना स्वरलिपीत उतरवल्या. पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठाने 1979 मध्ये त्या छापल्या.

आबांना या घडामोडींची कल्पना नव्हती, पण कान पक्का होता. शबदातली, म्हणजे पदातली, 'रहाउ'ची ओळ रागी फिरून फिरून घेतात, हे त्यांनी कुणी न सांगता ओळखलं. "हे आपलं ध्रुपद," म्हणाले. गाथेत अभंगाच्या दुसऱ्या ओळीपुढे 'ध्रु' लिहिलेलं असतं, ते मग त्यांनी मला पोथी काढून दाखवलं. एक फरकही त्यांनीच दाखवला. आपल्या अभंगावर रागाचं नाव नसतं. चाल फडाची, गुरूकडून आलेली. तिकडे मात्र आधी राग लिहिलेला, मग पद. उदाहरणच घ्या : औंढ्याचं देऊळ नामदेवांसाठी फिरलं, ही गोष्ट आपल्याकडे घरोघर सांगतात. ग्रंथात तिचा उल्लेख असलेलं नामदेवांचं एक पद मल्हारात आहे.

मराठी गायकांना माझी विनंती आहे. नामदेवांची ही 61 पदं घ्या, वर लिहिलेल्या रागांतच बसवा, आणि शिकायला एखाद्या जुन्या रागीकडे जा. सुरुवात मल्हारातल्या त्या पदाने करा. औंढा, नरसी आणि नांदेड या पट्ट्यात पाऊस लागला की ते गायला हवं.