डोक्याच्या जागी दिवा : कोळशाच्या पट्ट्यातील अस्वस्थ करणारी चित्रे

१/ २०१२ साली गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा येथे औष्णिक वीज प्रकल्पाचा पहिला संच सुरू झाला. पुढे तेथे प्रत्येकी ६६० मेगावॉटचे पाच संच उभे राहिले. एकूण क्षमता ३,३०० मेगावॉट. त्याच वर्षी मुंबईत ‘क्लार्क हाऊस’ येथे चंद्रपूर जिल्ह्यातील एका तरुण चित्रकाराचे प्रदर्शन भरले. प्रदर्शनाचे नाव होते ‘कॅनरी इन अ कोल माइन’. वीज आणि चित्रे या दोन्हींमागे एकाच पट्ट्याचा इतिहास उभा आहे.

२/ हे चित्रकार म्हणजे प्रभाकर पाचपुते. जन्म १९८६, राजुरा तालुक्यातील सास्ती या खाणगावी. त्यांच्या कुटुंबाच्या तीन पिढ्यांचा कोळसा खाणीशी संबंध. त्यांच्या चित्रांतील माणसे प्रथमदर्शनी भयस्वप्नातून आल्यासारखी वाटतात. कुणाच्या खांद्यांवर डोक्याऐवजी खाणीतील दिवा असतो, कुणाच्या ठिकाणी अवजार. माणूस, जनावर आणि यंत्र यांच्या सीमारेषा पुसट झालेल्या असतात.

३/ ही विचित्रता केवळ कल्पनाविलास आहे काय? उत्तरासाठी आधी जमिनीचा इतिहास पाहावा लागतो. चंद्रपूर परिसरात कोळशाचा संघटित उपसा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वरोऱ्यास सुरू झाला. १९७३ मध्ये देशातील कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. पुढे या पट्ट्याचा कारभार नागपुरात मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफील्ड्सकडे आला.

४/ खाणीचे दोन प्रकार ध्यानात घ्यावेत. भूमिगत खाण जमिनीच्या पोटातून जाते. वर बाप नांगर धरतो आणि खाली मुलगा कोळसा फोडतो, असे तेथे घडू शकते. उघड्या खाणीत मात्र वरची माती, पीक, झाडे, प्रसंगी गावठाणही आधी हटवावे लागते. शेत आणि खाण मग एकाच जागी नांदू शकत नाहीत. शेतकऱ्याचा कामगार होतो, किंवा तो विस्थापित होतो.

५/ या स्थित्यंतराच्या उजेडात पाचपुते यांच्या आकृती पुन्हा पाहाव्यात. डोक्याच्या जागी दिवा येतो, कारण खाणीच्या लेखी त्या माणसाचे काम तेवढेच उरलेले असते. शरीर आणि अवजार एकजीव होतात, कारण आयुष्यही तसेच झालेले असते.

६/ प्रदर्शनाच्या नावातही इतिहास आहे. खाणीतील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो, वास नसतो. म्हणून ब्रिटनमधील खाणकामगार कॅनरी पक्षी सोबत नेत. पक्षी आधी कोसळे आणि माणसांना इशारा मिळे. ही प्रथा तेथे १९८६ मध्ये मोडीत काढण्याचा निर्णय झाला, म्हणजे पाचपुते यांच्या जन्मवर्षीच.

७/ त्यांचे आवडते माध्यमही कोळसाच. मराठीत एकाच शब्दाखाली दोन वस्तू येतात. खाणीतून निघतो तो दगडी कोळसा; चित्रकाराच्या हाती असते ती लाकूड जाळून केलेली कांडी. पाचपुते यांनी अनेकदा थेट प्रदर्शनाच्या भिंतींवर प्रचंड आकृती रेखाटल्या. प्रदर्शन संपले की अशी भिंत पुन्हा रंगवली जाते आणि चित्र नाहीसे होते. ज्या भूमीविषयी ते बोलते, तिच्याही नशिबी हेच आलेले असते.

८/ काळ्या रेषेतून साक्ष देण्याची परंपरा भारतात जुनी आहे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात चित्तप्रसाद यांनी मेदिनीपूर भागात फिरून भुकेलेली माणसे रेखाटली. ‘हंग्री बेंगॉल’ या त्यांच्या पुस्तिकेच्या प्रती ब्रिटिश सरकारने जप्त करून नष्ट केल्या. चित्रांना सत्ता घाबरते, याचा हा ठळक पुरावा.

९/ मात्र चित्तप्रसादांच्या चित्रांत चेहरे आहेत. पाचपुते यांच्या चित्रांत पुष्कळदा ते नाहीत. दुष्काळ काही महिन्यांत माणसाच्या चेहऱ्यावर उमटतो. खाणीने घडवलेला बदल पिढ्यान्‌पिढ्या चालतो. तो दाखवायला एक चेहरा पुरत नाही.

१०/ कलाशिक्षणाच्या वाटेने आपण पुन्हा गोंदियापाशी येतो. बल्लारशाहून आलेला लोहमार्ग गोंदियास हावडा मार्गाला मिळतो. तेथून पूर्वेस डोंगरगड आणि रेल्वेमार्गापासून काहीसे आत खैरागड. तेथील इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय १९५६ मध्ये राजघराण्याने दिलेल्या राजवाड्यात सुरू झाले; त्याला राजकन्या इंदिरेचे नाव आहे. पाचपुते यांनी तेथे शिल्पकलेची पदवी घेतली (२००९) आणि पुढे बडोद्यास पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले (२०११).

११/ त्यानंतर त्यांची कला साओ पाउलो (२०१४), इस्तंबूल (२०१५) आणि व्हेनिस (२०२२) येथील द्वैवार्षिक प्रदर्शनांत पोहोचली. २०२१ मध्ये वेल्समधील ‘आर्टेस मुंडी’ पुरस्कार त्यांच्यासह सहा कलावंतांना विभागून मिळाला. वेल्स हा स्वतः कोळशाचा प्रदेश. सास्तीची गोष्ट तेथे परकी वाटण्याचे कारण नव्हते.

१२/ आता तिरोड्याकडे. या प्रकल्पासाठी चंद्रपूर जिल्ह्यातील लोहारा येथील कोळसा खंड नेमून देण्यात आला होता. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या सान्निध्यामुळे तेथे खाण होऊ शकली नाही. वीज एका जिल्ह्यात निर्माण होते आणि तिची किंमत मोजण्याचा प्रश्न दुसऱ्या जिल्ह्याच्या दारात उभा राहतो.

१३/ भूसंपादनाच्या कागदांत गट क्रमांक, क्षेत्रफळ आणि मोबदला सापडतो. उत्पादनाच्या अहवालांत टनांचे आकडे असतात. नांगर सुटल्यावर हाताचे काय झाले, याची नोंद यांपैकी कोठेही नसते. म्हणून झाडीपट्टीचा आणि चंद्रपूरचा अलीकडचा इतिहास लिहिणाऱ्याने ही चित्रे दस्तऐवजांशेजारी ठेवून वाचावीत. अशा चित्रासमोर एवढेच विचारावे : काय काढून टाकले आहे, आणि त्या जागी काय बसवले आहे?