भिंतीची ओल

परभणी जिल्ह्यांतील जुन्या घरांत भिंतीला ओल आली, कीं पहिला संशय माळवदावर जातो. आमच्या घरींही तसेंच झालें. माळवदावर नवी माती टाकली. तरी आजीच्या खोलीची भिंत ऐन फाल्गुनांत ओलसर लागे. आजीचा खोकला हटेना, आणि कोनाड्यांतील पोथीचीं पानें एकमेकांस चिकटलीं. तेव्हां वाटलें, आधीं या घराचा इतिहास विचारावा.

आपल्याकडे काळी शेतीची आणि पांढरी वस्तीची. काळी माती पाण्यानें फुगते, उन्हानें भेगाळते व ओल फार दिवस धरून ठेवते. म्हणून पूर्वजांनीं दगडी जोतें उंच घेतलें व त्यावर पांढऱ्या मातीच्या भिंती उभारल्या. अशा भिंतींत ओल शिरे, परंतु वाऱ्यावर उडूनही जाई. इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकांत रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हिअस यानेंही ओल्या भिंतीपासून थोडें अंतर सोडून दुसरी पातळ भिंत घालावी व मधल्या पोकळीला खालीं-वर झरोके ठेवावेत, असें सांगितलें आहे. ओलीला बाहेर पडण्यास वाट द्यावी, हें तत्त्व दोन्हीकडे एकच.

मग आमच्या घरीं ती वाट कोणीं अडविली? १९७६ सालीं जायकवाडी धरणाचें उद्घाटन झालें व पुढें डाव्या कालव्याचें पाणी या जिल्ह्यांत आलें. कालव्यानें जमिनींतील पाणी वर आलें असेल, असें कोणी म्हणालें. परंतु शेजारच्या मातीच्या खोल्या कोरड्या ठणठणीत होत्या! छपराची ओल वरून खालीं उतरते. येथें डाग जमिनीपासून कमरेपर्यंत चढून थांबला होता, व त्याच्या वरच्या कडेला लोणा फुटला होता. म्हणजे पाणी खालून येत होतें.

उलगडा अंगणांत झाला. वेळोवेळीं फरशीवर फरशी बसवितां बसवितां अंगण जोत्याच्या वर चढलें होतें, आणि पावसाचें पाणी थेट मातीच्या भिंतीला भिडत होतें. त्यांत भर म्हणून भिंतीला दोन्ही अंगांनीं सिमेंटचा गिलावा केलेला. आंत शिरलेली ओल बाहेर पडण्यास जागाच नव्हती. जी डागडुजी आम्हीं हौसेनें केली, तीच रोगाचें मूळ ठरली.

गिलावा काढून मातीचा लेप दिला, भिंतीलगतचें अंगण जोत्याखालीं उतरविलें. भिंत सुकण्यास दोन उन्हाळे लागले. आतां पोथी पुन्हां कोनाड्यांत आहे. ओल दिसते तेथेंच तिचें कारण असतें असें नाहीं. घरांत काय काय बदललें, हें घरांतील वडील माणसांस आधीं विचारावें.