पीसीबी गेलाय!

३० मे २०२४ ला नागपूर एकदम राष्ट्रीय बातम्यांत आलं. रामदासपेठेजवळ पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शेतात हवामान खात्याचं स्वयंचलित केंद्र आहे. त्याने त्या दिवशी तापमान सांगितलं ५६ अंश! सोनेगावचं केंद्र म्हणालं ५४. जगातली आजवरची सर्वाधिक नोंद ५६.७ अंशांची, अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीतली, १९१३ सालची. म्हणजे आपली रामदासपेठ थेट त्या पंगतीला जाऊन बसली की!

पण त्याच दिवशी खापरीच्या कापूस संशोधन संस्थेतलं केंद्र आणि रामटेकचं केंद्र ४४ च्या आसपास होतं. नागपूरचा स्वतःचा विक्रम मे २०१३ चा, ४७.९ चा. एवढ्याशा अंतरात बारा अंशांचा फरक कसा पडेल? हवामान खात्यानेही मग खुलासा केला, की सेन्सरमधल्या बिघाडामुळे आकडे चुकले.

मला यात गंमत वाटली ती वेगळीच. हिशेब करणारं, आकडा पाठवणारं सगळं यंत्र बिनचूक चाललं होतं. त्याला जे सांगण्यात आलं ते त्याने इमानदारीत पुढे पाठवलं. उन्हाळ्यात हॉस्पिटलचा, हॉटेलचा किंवा आपल्या ऑफिसचा एसी प्लांट बंद पडतो आणि कोणीतरी छतावरून खाली येऊन "पीसीबी गेलाय" असं जाहीर करतो, तेव्हा नव्वद टक्के वगैरे आकडा मी सांगणार नाही, पण बऱ्याचदा नेमकं हेच झालेलं असतं. बोर्ड बिचारा जे ऐकलं ते सांगत असतो.

हे असं का होतं ते समजायला थोडं मागे जावं लागेल. आणि नागपूरकरांसाठी आनंदाची गोष्ट म्हणजे, गोष्ट आपल्याच गावातून सुरू करता येते.

१ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. भारतात गिरणीत पहिल्यांदा ह्युमिडिफायर आणि आगीसाठी स्प्रिंकलर बसवले ते इथे, असं टाटांच्या इतिहासात अभिमानाने नोंदलेलं आहे. ह्युमिडिफायर कशाला? तर कोरड्या हवेत कापसाचा धागा ठिसूळ होतो आणि पटापट तुटतो. आणि विदर्भाच्या एप्रिल-मेइतकी कोरडी हवा अजून कुठे मिळणार! हवेत पाणी सोडलं की धागा टिकतो, शिवाय हवा थोडी गारही होते. आपल्या वाळ्याच्या ताट्या आणि डेझर्ट कूलर याच तत्त्वावर चालतात.

आता बघा, अशा कामाचे तीन भाग असतात. हवा कशी आहे ते पाहणं, काय करायचं ते ठरवणं आणि प्रत्यक्ष करणं. आमच्या भाषेत इनपुट, लॉजिक, आऊटपुट. सुरुवातीला तिन्ही कामं माणसंच करत. तापमापक बघायचा, विचार करायचा, व्हॉल्व्ह फिरवायचा. चूक झाली तर कोणाची ते लगेच कळायचं.

यातलं "पाहणं" सगळ्यात आधी यंत्राकडे गेलं. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर गावी वॉरन जॉन्सन नावाचे प्राध्यापक होते. थंडीत शाळेचा शिपाई वर्गावर्गात येऊन तापमान बघायचा आणि मग तळघरात जाऊन गरम हवेची झडप कमीजास्त करायचा. शिकवताना ही ये-जा त्यांना नको होती. त्यांनी विजेवर चालणारा थर्मोस्टॅट बनवला, १८८३ मध्ये पेटंट घेतलं. गंमत म्हणजे हा थर्मोस्टॅट काहीच "करत" नव्हता. फक्त तळघरात घंटी वाजवायचा. झडप शिपाईच फिरवायचा! पुढे जॉन्सननीच दाबाच्या हवेवर चालणारी यंत्रणा आणली आणि "करणं"ही यंत्राकडे गेलं. मोठ्या इमारतींत ही हवेच्या नळ्यांची पद्धत विसाव्या शतकात कित्येक दशकं चालली.

दरम्यान विलिस कॅरियरनी १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी हवेतली आर्द्रता काबूत ठेवणारी यंत्रणा आखली, कारण दमट हवेत कागद फुगायचा आणि रंग एकमेकांवर नीट बसायचे नाहीत. आणि "एअर कंडिशनिंग" हा शब्द १९०६ मध्ये आणला स्टुअर्ट क्रेमरनी. ते कोण? सूतगिरण्यांचे इंजिनिअर! त्यांचा प्रश्न तोच होता, एम्प्रेस मिलवाला. माणसाला गार वाटावं हा विचार नंतरचा, आधी काळजी सुताची आणि कागदाची.

"ठरवणं" मात्र बराच काळ उघड्यावर होतं. रिले, टायमर, कॉन्टॅक्टर यांनी भरलेलं कपाटाएवढं पॅनल. कुठला रिले ओढला गेला ते डोळ्यांना दिसायचं, कानांना ऐकू यायचं. जुने मेकॅनिक नुसत्या "खट्" आवाजावरून सांगायचे की गाडी कुठे अडली. १९८० च्या दशकात मायक्रोप्रोसेसर स्वस्त झाले आणि ते सगळं पॅनल तळहाताएवढ्या हिरव्या पाटीवर आलं. फायदे भरपूर झाले. पण एक नुकसान झालं: ठरवणं दिसेनासं झालं. आणि जे दिसत नाही त्याच्यावर संशय घेणं सोपं असतं.

मग बोर्ड खरंच गेलाय की नाही, हे कसं ओळखायचं? चिकटलेले तीन भाग पुन्हा सुटे करायचे.

पहिलं म्हणजे सप्लाय. बोर्डाला लागणारे २४ व्होल्ट (किंवा जे काही असतील ते) मिळताहेत का? फ्यूज शाबूत आहे का? हसू नका, आम्हीही तासभर डीबग करून शेवटी केबलच सैल होती असं म्हणतोच की.

दुसरं इनपुट. एसीत बहुतेक वेळा थर्मिस्टर असतो. नेहमीच्या प्रकारात २५ अंशाला १० किलोओहम आणि ४५ अंशाला साधारण ४.४. तापमान वाढलं की रोध कमी. त्यामुळे वायर तुटली तर बोर्डाला वाटतं कडाक्याची थंडी पडलीय, आणि दोन वायरी एकमेकींना चिकटल्या तर वाटतं आग लागलीय. मग करायचं काय? प्लांट बंद करून सेन्सर काढा आणि त्याच्या जागी काही रुपयांचा १० किलोओहमचा रेझिस्टर लावा. बोर्डाने २५ च्या आसपास दाखवलं तर ऐकण्याच्या बाबतीत बोर्ड निर्दोष, सेन्सर बदला. सॉफ्टवेअरवाल्यांनो, ओळखलंत ना? याला आपण मॉक म्हणतो!

तिसरं आऊटपुट. बोर्ड "चालू कर" म्हणून व्होल्टेज देतोय पण कॉन्टॅक्टर ओढला जात नाही? मग कॉइल बघा. व्होल्टेजच देत नाहीये? तर आधी सेफ्टीची साखळी तपासा. मे महिन्यात दुपारी दोन वाजता छतावरचा धुळीने भरलेला कंडेन्सर उष्णता टाकू शकत नाही, गॅसचं प्रेशर चढतं, हाय प्रेशर स्विच उघडतो आणि बोर्ड अलार्म देऊन मशीन थांबवतो. इथे बोर्ड बदलणं म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर फोडणं. पाण्याने कंडेन्सर धुवायला हवा!

सप्लाय बरोबर, इनपुट बरोबर, सेफ्टी बंद साखळीत, आणि तरीही आऊटपुट नाही, तर आणि तरच पीसीबी गेलाय. तो जातोही. नागपूरच्या उन्हात छतावरच्या बंद डब्यात कपॅसिटर लवकर सुकतात (दर दहा अंशांना आयुष्य अर्धं, असा ढोबळ नियम आहे), उन्हाळ्यात साठलेली धूळ पावसाळ्यात ओली होऊन गळती करते, आणि पाली तर असतातच.

हा घोळ फक्त पैशांचा नाही. नवा बोर्ड लावला, सेन्सर जुनाच राहिला, तर ऑपरेशन थिएटर किंवा कोल्ड स्टोरेज पुन्हा दोन दिवसांनी बंद पडणार, आणि ४५ अंशांत ते दोन दिवस महागात पडतात. शिवाय बोर्ड बदलत राहणाऱ्या माणसाला शोधण्याची सवयच राहत नाही. एम्प्रेस मिल गेली, तिच्या जागेवर मॉल उभा राहिला. पण हवेकडे बघून काय चुकतंय ते ओळखणारा माणूस तेव्हाही लागायचा, आजही लागतो.

असो. पुढच्या वेळी कोणी बोर्डाचं कोटेशन हातात दिलं, तर सही करण्याआधी तीन आकडे मागा: सप्लायचे व्होल्ट, सेन्सरचे ओहम आणि आऊटपुटचे व्होल्ट. ज्याने मीटर लावून बघितलंय, तो लगेच सांगेल.