वजनगटांपलीकडील काल्पनिक लढती : जर-तरच्या भाकितांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली नसती तर काय झाले असते, हा प्रश्न महाराष्ट्रातील इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने कधी ना कधी विचारलेला असतो आणि प्रत्येक प्राध्यापकाने तो हसून बाजूला सारलेला असतो. इतिहासात जर-तरला स्थान नाही, असे आपण वर्गात सांगतो. परंतु मानवी व्यवहाराचे एक क्षेत्र असे आहे की जेथे जर-तर हाच चर्चेचा मुख्य विषय असतो. ते क्षेत्र म्हणजे द्वंद्वाचे खेळ. मुष्टियुद्धात गेली शंभराहून अधिक वर्षे आणि मिक्स्ड मार्शल आर्ट्स (यापुढे एमएमए) या तुलनेने नव्या खेळात गेली तीन दशके एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो : अमुक वजनगटाचा विजेता वरच्या गटातील तमुकाशी लढला, तर कोण जिंकेल?

हा प्रश्न केवळ करमणुकीचा आहे असे प्रस्तुत अभ्यासकास वाटत नाही. पानिपत पुन्हा लढता येत नाही. पण खेळातील काही जर-तर पुढे प्रत्यक्षात उतरले. म्हणजेच येथे भाकीत आणि निकाल या दोहोंची नोंद शेजारी शेजारी उपलब्ध आहे. अशा नोंदींच्या आधारे भाकिते कोठे फसली आणि का फसली, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

वजनगटांची निर्मिती :

वजनगट ही निसर्गदत्त गोष्ट नाही, हे प्रथम लक्षात घ्यावे लागते. जॅक ब्रॉटन याने १७४३ मध्ये लंडनमध्ये मुष्टियुद्धाचे पहिले लेखी नियम केले, त्यांत वजनाचा उल्लेख नव्हता. अथेन्स येथील १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये कुस्तीचा एकच खुला गट होता. त्यात अवघ्या १६३ सेंटिमीटर उंचीच्या कार्ल शूमान या जर्मन जिम्नॅस्टने भारोत्तोलनातील विजेता लॉन्स्टन एलियट याला हरविले आणि पुढे अजिंक्यपदही मिळविले. १९०९ मध्ये लंडनच्या नॅशनल स्पोर्टिंग क्लबने मुष्टियुद्धाचे आठ गट निश्चित केले आणि १९२० च्या न्यूयॉर्कमधील वॉकर कायद्याने वजनगटांच्या या व्यवस्थेस अमेरिकेत बळ दिले. आपल्याकडील तालमींत आणि यात्रांच्या फडांवर जोड ठरविली जाई ती वस्तादांच्या नजरेने, काट्याने नव्हे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला फ्लायवेट गटात उतरले आणि १९५२ साली हेलसिंकीत बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक मिळविले, तेव्हा तालमीच्या नजरेतून काट्याच्या जगात झालेला तो प्रवेश होता.

रेषा आखल्या गेल्या, तशी ती ओलांडण्याची ओढही निर्माण झाली. ज्या वर्षी लंडनमध्ये आठ गट ठरले त्याच वर्षी, १६ ऑक्टोबर १९०९ रोजी, कॅलिफोर्नियातील कोल्मा येथे मिडलवेट विजेता स्टॅन्ली केचेल हा हेवीवेट विजेता जॅक जॉन्सन याच्यासमोर उभा राहिला. बाराव्या फेरीत केचेलने जॉन्सनला खाली पाडले. जॉन्सन उठला आणि पुढच्याच क्षणी त्याने केचेलला बेशुद्ध केले. १९२१ मध्ये लाइट हेवीवेट विजेता जॉर्ज कार्पांतिये जॅक डेम्प्सीपुढे चौथ्या फेरीत कोसळला. १९४१ मध्ये बिली कॉन हा जो लुईपेक्षा सुमारे २५ पौंडांनी हलका असूनही बारा फेऱ्यांनंतर तीनपैकी दोन गुणपत्रिकांवर पुढे होता. तेराव्या फेरीत तो बाद झाला.

या परंपरेतील सर्वांत बोलका प्रसंग २५ जून १९५२ चा आहे. ‘पाउंड फॉर पाउंड’ श्रेष्ठ, म्हणजे वजनाचा फरक मनाने वजा केल्यास सर्वांत श्रेष्ठ, हे बिरुद ज्याच्याशी कायमचे जोडले गेले तो मिडलवेट विजेता शुगर रे रॉबिन्सन त्या रात्री न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियममध्ये लाइट हेवीवेट विजेता जोई मॅक्सिम याच्याशी लढला. उष्मा इतका भयंकर होता की पंच रुबी गोल्डस्टीन यांनाच दहाव्या फेरीनंतर बदलावे लागले. रॉबिन्सन तिन्ही गुणपत्रिकांवर पुढे होता. पण चौदाव्या फेरीस तो आसनावरून उठू शकला नाही. गुणांनी जिंकत असलेला मनुष्य शरीराने हरला. वजन मनाने वजा करता येते, रिंगणात ते वजा होत नाही.

यंत्राचे भाकीत :

काल्पनिक लढतीस शास्त्रीय रूप देण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९६७ मध्ये झाला. मायामी येथील रेडिओ निर्माता मरी वोरोनर याने सर्व काळांतील सोळा हेवीवेट मुष्टियोद्ध्यांची काल्पनिक स्पर्धा एनसीआर ३१५ या संगणकाच्या साहाय्याने घडविली आणि तिचे धावते वर्णन रेडिओवरून प्रसारित केले. अंतिम फेरीत रॉकी मार्सियानोने जॅक डेम्प्सीला हरविले. मुहम्मद अली मात्र त्याआधीच जिम जेफ्रीजकडून ‘पराभूत’ झाला होता. सैन्यभरतीस नकार दिल्यामुळे अली त्या वर्षी रिंगणाबाहेर फेकला गेला होता. प्रत्यक्षात त्याला कोणी हरविले नव्हते आणि यंत्राने हरविले. त्याने बदनामीबद्दल दहा लाख डॉलर्सचा दावा लावला. तडजोडीत त्याने मार्सियानोबरोबर चित्रित लढतीत काम करण्याचे मान्य केले.

१९६९ मध्ये हे चित्रीकरण झाले. मार्सियानो निवृत्त होऊन तेरा वर्षे लोटली होती. त्याने त्यासाठी वजन उतरविले आणि डोक्यावर केसांचा टोप चढविला. निरनिराळे शेवट चित्रित करून ठेवले गेले. ३१ ऑगस्ट १९६९ रोजी मार्सियानो विमान अपघातात मरण पावला आणि २० जानेवारी १९७० रोजी अमेरिकेतील चित्रपटगृहांत प्रेक्षकांनी पाहिले ते त्याचा तेराव्या फेरीतील विजय. युरोपात काही ठिकाणी मात्र अली जिंकतो असा शेवट दाखविण्यात आला. एकाच लढतीचे प्रेक्षकागणिक निरनिराळे निकाल! साधन म्हणून संगणकाची प्रामाणिकता येथे तपासण्याची गरज उरत नाही.

या प्रकरणात वजनाचा मुद्दा लपलेला आहे, म्हणून त्याकडे दुर्लक्ष झाले. दोघेही हेवीवेट. परंतु मार्सियानो आपल्या उमेदीच्या काळात १८५ पौंडांच्या आसपास लढत असे आणि अली १९६० च्या दशकाच्या मध्यास २१० च्या आसपास. हेवीवेट गटास तेव्हा वरची मर्यादा नव्हती, आजही मुष्टियुद्धात नाही. त्यामुळे ‘समान गटातील’ ही लढत वस्तुतः विषम वजनाचीच होती.

डेन्व्हर ते टोकियो :

एमएमएचा जन्मच मुळी वजनगटांच्या नकारातून झाला. १२ नोव्हेंबर १९९३ रोजी डेन्व्हर येथे अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिपची (यूएफसी) पहिली स्पर्धा झाली, तेव्हा गट नव्हते. रॉइस ग्रेसी हा १८० पौंडांच्या आतबाहेरचा ब्राझीलचा जुजुत्सुपटू आठ जणांच्या स्पर्धेत जिंकला. डिसेंबर १९९४ मध्ये त्याने सुमारे २६० पौंडांच्या डॅन सेव्हर्न या कसलेल्या कुस्तीगीरास पंधरा मिनिटांहून अधिक काळ पाठीवर पडून तोंड दिले आणि शेवटी पायांच्या त्रिकोणी पकडीत गळा आवळून शरण आणले. त्याच वर्षी कीथ हॅकनी याने सहाशे पौंडांहून अधिक वजनाच्या इमॅन्युएल यारबरो या सुमोपटूस हरविले. या निकालांवरून ‘तंत्रापुढे वजन गौण’ असा सिद्धान्त रूढ झाला. तो अर्धाच खरा होता. ग्रेसी जिंकला तो प्रतिस्पर्ध्यांस त्याची विद्या ठाऊक नव्हती म्हणून. विद्या सर्वत्र पसरली, तसे वजन परत आले.

७ फेब्रुवारी १९९७ रोजी अलाबामातील डोथन येथे यूएफसीने २०० पौंडांच्या खालचा व वरचा असे दोन गट केले. न्यू जर्सी राज्याच्या पुढाकाराने २०००-०१ मध्ये एकत्रित नियमावली आकारास आली. आज यूएफसीत पुरुषांच्या गटांच्या मर्यादा १२५, १३५, १४५, १५५, १७०, १८५, २०५ व २६५ पौंड अशा आहेत. या आकड्यांची टक्केवारी काढून पाहिली असता एक गोष्ट दिसते, जी भाकीत करणारे सहसा पाहत नाहीत. १४५ वरून १५५ वर जाणे म्हणजे सुमारे ७ टक्के वाढ. १५५ वरून १७० म्हणजे जवळजवळ १० टक्के. १८५ वरून २०५ म्हणजे ११ टक्क्यांच्या जवळ. आणि २०५ वरून २६५ म्हणजे २९ टक्के. ‘एक गट वर’ या एकाच शब्दप्रयोगात इतकी विषम अंतरे सामावली आहेत.

जपानमध्ये खुल्या वजनाची हौस अधिक काळ टिकली. २००४ च्या अखेरच्या दिवशी ओसाका येथे ग्रेसीने दोनशे किलोंहून अधिक वजनाच्या माजी योकोझुना आकेबोनोला खांद्याच्या पकडीत शरण आणले. २००७ च्या अखेरच्या दिवशी फेडोर एमेलियानेन्कोने २१८ सेंटिमीटर उंचीच्या चोई होंग-मानला हात पिरगाळून पहिल्याच फेरीत हरविले. या दोन्ही लढतींत थोराड गडी जमिनीवरच्या झुंजीत नवशिका होता. याच्या उलट मार्च २००५ मधील लढत पाहावी. बी. जे. पेन हा मुळात १५५ पौंडांचा, ज्याने १७० चे अजिंक्यपदही जिंकले होते, सुमारे ३० पौंडांनी जड अशा लिओटो माचिदाशी लढला. दोघेही आपापल्या विद्येत निष्णात होते. पेन बाद झाला नाही, शरणही गेला नाही. तो गुणांवर हरला.

हाच नमुना पुढे पुन्हा दिसतो. ६ मार्च २०२१ रोजी १८५ पौंडांचा अपराजित विजेता इस्राएल अडेसान्या २०५ च्या गटात यान ब्लाहोविचसमोर उतरला. त्याचे वजन मर्यादेपेक्षा साडेचार पौंडांनी कमीच भरले. उभ्याने तो बरोबरीत राहिला, पण चौथ्या व पाचव्या फेरीत ब्लाहोविचने त्याला जमिनीवर दाबून धरले आणि निकाल तेथे लागला. फेब्रुवारी २०२३ मध्ये पर्थ येथे १४५ चा विजेता अलेक्झांडर व्होल्कानोव्स्की १५५ च्या इस्लाम माखाचेव्हकडून गुणांवर हरला, तोही इतक्या थोड्या अंतराने की दोन पंचांनी ४८-४७ असे गुण दिले. अपवाद आहेतच. २०१६ मध्ये कॉनर मॅकग्रेगरने आणि २०१८ मध्ये डॅनियल कॉर्मियर व अमांडा नुनेस यांनी वरच्या गटाचे विजेते बाद केले. परंतु या तिघांची गोष्ट बारकाईने पाहिल्यास मॅकग्रेगर खालच्या गटासाठी अंग सुकवीत होता, तर कॉर्मियर कारकिर्दीच्या प्रारंभी हेवीवेटच होता आणि नुनेसही पूर्वी १४५ पौंडांत लढलेली होती. ते ‘वर’ गेले, असे म्हणण्यापेक्षा पूर्वी पाहिलेल्या वजनावर परतले, असे म्हणणे अधिक रास्त.

न झालेली लढत :

एमएमएच्या जर-तरमध्ये सर्वाधिक शाई खर्च झाली ती जॉर्ज सेंट-पिएर (१७०) विरुद्ध अँडरसन सिल्वा (१८५) या लढतीवर. ही लढत झाली नाही. सेंट-पिएरने ३१ जानेवारी २००९ रोजी खालच्या गटाच्या पेनला चार फेऱ्यांत निष्प्रभ केले होते. सिल्वाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये २०५ च्या फॉरेस्ट ग्रिफिनला पहिल्या फेरीत बाद केले होते. एकाचा पुरावा खालून आलेल्याला हरविण्याचा, दुसऱ्याचा वर जाऊन जिंकण्याचा. यावरून सिल्वाच्या बाजूने कौल देणे सोपे होते. जुलै २०१३ मध्ये सिल्वाला हरविले ते ख्रिस वाइडमनने, जो त्याच्याच गटाचा कुस्तीगीर होता. सेंट-पिएरने ४ नोव्हेंबर २०१७ रोजी, चार वर्षांच्या विश्रांतीनंतर, १८५ च्या विजेत्या मायकेल बिस्पिंगचा मागून गळा आवळून तो गट जिंकला. सेंट-पिएर वजन वाढवून लढू शकत होता, हा पुरावा प्रश्न विचारला जात होता त्या वेळी हाती नव्हता. कौल देणारे चुकले असतील असे नाही. पण त्यांचा आत्मविश्वास पुराव्यापेक्षा मोठा होता, एवढे म्हणता येते.

काट्यावरचे वजन :

वरील सर्व चर्चेत ‘१५५ चा’, ‘१७० चा’ असे शब्द आपण वापरले. हे आकडे लढतीच्या आदल्या दिवशीचे असतात. खेळाडू अंगातील पाणी काढून काट्यावर उतरतो आणि रात्रीतून पुन्हा भरून घेतो. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेतील तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर याच प्रकारात दगावले. डिसेंबर २०१५ मध्ये यांग जियान बिंग हा एकवीस वर्षांचा चिनी खेळाडू वन चॅम्पियनशिपच्या लढतीपूर्वी वजन उतरविताना मरण पावला. ज्या वयाची मुले आमच्या वर्गात बसतात, त्या वयाचा. काल्पनिक लढतींची भाकिते वाचताना हा मुलगा आठवतो, कारण ती भाकिते ज्या आकड्यांवर उभी आहेत तो आकडा गाठताना त्याचा जीव गेला.

त्यानंतर वन चॅम्पियनशिपने शरीरातील पाणी काढून वजन उतरविण्यास बंदी केली, वजनाबरोबर शरीरातील पाण्याची पातळीही तपासण्यास सुरुवात केली आणि गटांच्या मर्यादा वर सरकविल्या. तेथील फ्लायवेट १३५ पौंडांचा, यूएफसीतील १२५ चा. नाव एक, माणसे निराळी. डिमेट्रियस जॉन्सन याची कारकीर्द या दोन्ही व्यवस्थांतून गेली. ऑक्टोबर २०११ मध्ये १३५ पौंडांत तो डॉमिनिक क्रूझकडून गुणांवर हरला. यूएफसीने १२५ चा गट सुरू केल्यावर तेथे तो अनेक वर्षे अजिंक्य राहिला. २०१९ मध्ये तो वन चॅम्पियनशिपमध्ये आला, तेव्हा काट्यावरचा आकडा पुन्हा १३५ झाला, पण आता पाणी न काढता. एप्रिल २०२१ मध्ये आद्रियानो मोराएसने त्याला बाद केले. ऑगस्ट २०२२ मध्ये जॉन्सनने त्यालाच बाद करून पट्टा घेतला. हा जॉन्सन कोणत्या वजनाचा मानावा, हे ठरविल्याशिवाय त्याच्याविषयीचे एकही भाकीत मांडता येत नाही आणि काटा त्याचे उत्तर देत नाही.